मळवट कोण भरणार

बाई गेली की तिला शेवटची आंघोळ बायकांनीच घालायची, ही आमच्याकडची रीत. चौघींनी लुगडी धरून अंगणात आडोसा करायचा, ऊन पाणी घालायचं, नवं लुगडं नेसवायचं. सवाष्ण असेल तर हिरवं लुगडं, हिरवा चुडा आणि कपाळभर कुंकवाचा मळवट. हे सगळं भावकीतल्या बायका करतात. भावकीच नसेल तर कोण करतं, हे मी कधी मनात आणलं नव्हतं.

आमच्या राहू गावात आमच्या उसाला लागून एक गुऱ्हाळ आहे. तिथं उत्तरेकडची माणसं कामाला असतात. एका सकाळी त्यातल्या एकाची बायको तापानं गेली. पत्र्याच्या शेडखाली तिला ठेवलेलं, भोवती सगळे बाप्ये, खाली बघत उभे. आमच्या गावच्या बायका बांधावर पदर तोंडाला लावून थांबल्या होत्या. ‘‘कुठली कोण, आपुन कसा हात लावायचा?’’ असं चाललं होतं.

माझा नवरा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. सासरी मला कुणी उपाशी ठेवलं नाही की अंगावर हात टाकला नाही, खोटं कशाला सांगू. फक्त घरात हळद असली की जाऊबाई मला चुलीपुढं बसवायच्या. ‘‘तुला धुराची सवय हाय,’’ म्हणायच्या. मला भयंकर राग यायचा आणि तो मी भाकऱ्यांवर काढायची. त्या दिवशीसुद्धा मी बांधावरच उभी राहिले असते. पण त्या बाप्यांतला एक जण पाण्याची बादली घेऊन नुसताच इकडून तिकडं फिरत होता, ते बघवेना. मी जाऊन बादली घेतली. गुऱ्हाळाच्या चुलाणावर पाणी तापवलं. मग बांधावरच्या दोघींना ओरडून सांगितलं, लुगडी तरी धरा. त्या आल्या.

तिच्या टाचा माझ्यासारख्याच भेगाळलेल्या होत्या. त्या धुताना मी रडले. नवरा गेला तेव्हा रडले नव्हते इतकी रडले.

लुगडं नेसवून मी तिच्या कपाळावर आपल्या रीतीनं कुंकू लावलं. आडोसा काढल्यावर तिचा नवरा पुढं आला, बघत राहिला आणि हळूच म्हणाला, ‘‘दीदी, माँग में.’’ त्यांच्यात भांगात भरतात हे मला कुठं ठाऊक? खिशातून त्यानं तिची सिंदुराची डबी काढली. मी बाजूला झाले. त्यानं भांग भरला आणि मला हात जोडले. माझं कपाळ मोकळं होतं ते त्याला दिसत होतं, पण त्यानं काही विचारलं नाही.

त्यानंतर कुणाकडं अशी वेळ आली की लोक मला बोलवायला लागले. केडगावच्या एक निवृत्त नर्सबाई येऊन मिळाल्या. शिरूरच्या मार्केट यार्डात कांदा निवडणारी एक बाई आली, तोंडाची फटकळ आणि हाताची मऊ. आम्ही तिघी. फोन आला की मिळेल त्या गाडीनं जायचं, काम करायचं आणि चहासुद्धा न घेता परतायचं. पूर्वी एसटीत शेजारणीला ‘जरा सरका’ म्हणायला माझी जीभ उचलायची नाही. आता मी अंगणभर बाप्यांना मागं व्हा म्हणायची आणि ते व्हायचे. सकाळी उठल्यावर आपण कशाला उठलो, हा प्रश्न पडायचा बंद झाला.

पण एका घरी कुणीतरी विचारलं, ‘‘समद्या सवाष्णी हायेत न्हवं?’’ कांदेवालीनं पट्‌दिशी ‘‘व्हय’’ म्हणून टाकलं. बाहेर आल्यावर तिनं मला टिकल्यांचं पाकीट दिलं. ‘‘उगं वाद नगं. लावत जा. जित्यांची तोंडं बंद ऱ्हात्यात.’’ मी लावायला लागले. ज्या घरी जायचं त्याच्या वळणावर लावायची, परतताना काढायची. शरम वाटायची. तरी लावायची, कारण खरं कळलं तर मला परत चुलीपुढं बसवतील, ही भीती होती.

गेल्या उन्हाळ्यात शिरूरहून फोन आला. नदीच्या अंगाला मोठं बागायतदाराचं घर. सून चार वर्षं अंथरुणाला खिळून होती, पाठीला जखमा झालेल्या. भावकीतल्या बायका पुष्कळ होत्या, पण हात लावायला बिचकत होत्या, म्हणून आम्ही. मी आंघोळ घातली, नर्सबाईंनी जखमांवर कापूस ठेवला, हिरवं लुगडं नेसवून चुडा भरला. कांदेवालीनं कुंकवाचा करंडा माझ्या हातात दिला.

तेवढ्यात आडोशाच्या फटीतून एक सुरकुतलेला हात आत आला. तिची सासू होती. चार वर्षं सुनेचं हगणं-मुतणं तिनंच काढलं, हे नर्सबाईंना शेजारणीनं येता-येताच सांगितलं होतं. म्हातारीला सुनेच्या गालाला हात लावायचा होता. लुगडं धरलेल्या एका बाईनं तिचं मनगट धरलं. ‘‘आत्याबाई, तुमी नगा. तुमाला चालतंय का?’’ म्हातारीनं हात लगेच मागं घेतला. ‘‘चुकलं बाई माझं,’’ म्हणाली. आणि खरंच चुकल्यासारखं तोंड करून मागं सरली.

माझ्या डोक्यात सणक गेली. मी टिकली उपटून काढली आणि अंगणात टाकली.

‘‘माझा बी नवरा न्हाई,’’ मी म्हणाले. ‘‘हिला आंघुळ मीच घातलीया. आता काय करायचं ते सांगा.’’

त्या बाईनं लुगड्याचं टोक सोडलं आणि ती निघून गेली. आडोसा एका बाजूनं खाली आला. नर्सबाईंनी ते टोक उचलून धरलं. हे काम गेलं आपल्या हातून, असं मला अगदी स्पष्ट वाटलं आणि फार वाईट वाटलं.

मी करंडा म्हातारीपुढं धरला. ‘‘या आत्याबाई. मळवट तुमी भरा.’’

तिनं आधी माझ्याकडं पाहिलं नाही. अंगणातल्या माणसांकडं पाहिलं, मुलाकडं पाहिलं. मुलानं मान खाली घातली, पण नको म्हणाला नाही. मग ती गुडघ्यावर हात टेकत सुनेपाशी बसली. ओल्या केसांची बट तिनं मागं सारली, चिमूटभर कुंकू घेतलं आणि सुनेच्या कानाशी वाकून म्हणाली, ‘‘डोळं मिटून घे पोरी, कुंकू जाईल डोळ्यात.’’