नहरसाबांचा देश

तुंबलेलं गटार दिसलं की नहरसाबांचं डोकं फिरायचं. नल्लकुंट्यात आमच्या वरच्या खोलीत ते भाड्यानं राहत. सुदानचे, पन्नाशीला टेकलेले, इथं पीएच.डी. करायला आलेले आणि गल्लीतली दखनी उचललेले. तिकडे कालव्यांवर निरीक्षक होते, म्हणून गल्लीनं त्यांना नहरसाब करून टाकलं. गटार तुंबलं की ते अर्ज लिहून महापालिकेत जायचे आणि पोचपावतीचा शिक्का मिळाल्याशिवाय उठायचे नाहीत.

"दोन दिवसांत निघेल की आपोआप," मी म्हणायचे.

"बेटी, हमारे यहाँ बी सब यहीच बोलते थे."

आई त्यांना ज्वारीची भाकरी द्यायची. तिकडेही ज्वारीच खातात, फक्त पातळ पापुद्रा. "आपा, ये रोटी नै, चटाई है," ते म्हणायचे. "मग खाऊ नका," म्हणत आई दुसरी वाढायची.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, तीही राज्यशास्त्राची. यादवी युद्धाची पाच कारणं लिहून मी चांगले मार्क मिळवले होते. नहरसाबांनी मला एकच सांगितलं, गाळ. कालव्यात गाळ साचला, त्यांनी वर कळवलं. वरचा साहेब मंत्र्याच्या मेहुण्याचा जावई. त्यानं कधी कालवा पाहिला नव्हता. गाळ काढल्याचा कागद झाला, गाळ जिथल्या तिथं. असं वर्षानुवर्षं. पाणी आटलं तसे शेतकरी आणि गुराखी एकमेकांच्या अंगावर गेले. सरकारनं फावडी पाठवायची, तर एका बाजूला बंदुका पाठवल्या. "फावडा महंगा पडता था, क्या करते बिचारे?" असं म्हणून ते थुंकल्यासारखं हसायचे. पुढे त्या बंदुकवाल्यांचाही एक सेनापती झाला, आणि एका सकाळी तो आणि लष्कराचा सेनापती भर राजधानीत एकमेकांवर तोफा डागू लागले.

त्या राजधानीत त्यांची मुलगी होती. सोळा वर्षांची, आई नसलेली, मावशीकडे राहणारी. तिचा पासपोर्टचा अर्ज दोन वर्षं पडून होता. सही करायची खुर्ची रिकामी, कारण दोन पुढाऱ्यांना आपापला भाचा तिथं बसवायचा होता.

"मग कुणाची ओळख लावायची ना!" मी चिडून म्हणाले.

"लगा सकता था. नै लगाया. हम बी वोइच करे तो उनमें हममें फरक क्या, सोचा." मग हळूच म्हणाले, "बच्ची से नै पूछा."

आठवड्याभरात ते निघाले. नामपल्ली स्टेशनवर मी विचारलं, त्या दोन सेनापतींपैकी कुणी जिंकावं?

"दोनों को एक-एक फावडा देना," ते म्हणाले, "और धूप में उतारना नहर में."

दोन महिन्यांनी त्यांचा व्हॉइस मेसेज आला. मुलगी सापडली होती. दोघं सीमेपर्यंत पोचलेही. मागं शहर जळत होतं, दवाखाने बंद, सरकार कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सीमेवर मात्र एक टेबल होतं आणि टेबलामागं एक अधिकारी. देशानं कधी दिलाच नाही तो पासपोर्ट हा गृहस्थ पोरीकडे मागत होता.

"मेरा पासपोर्ट ठीक है बोला. मैं जा सकता बोला." मग वाऱ्याचा आवाज, आणि एका मुलीनं काहीतरी विचारलेलं. "हम इधरीच बैठे हैं. आपा को बोलो."

त्यानंतर त्यांचा फोन लागलेला नाही. ते दोन सेनापती अधूनमधून टीव्हीवर दिसतात. तब्येती उत्तम आहेत. आपण देश वाचवतोय, असं दोघंही सांगतात.