दवाखान्यातून आणलेली माशांची टाकी

सासरे थोरल्या जावेकडे हसतात आणि आपल्याकडे हसत नाहीत, हे चेनवालीच्या फार जिव्हारी लागलं होतं.

घराच्या खालीच, रस्त्याला लागून, तिचं बॅगांच्या चेन बदलून द्यायचं दुकान होतं. म्हणून आख्खी गल्ली तिला चेनवाली म्हणे. सासऱ्यांचा जन्म पाणीपुरवठ्याचे पाइप जोडण्यात गेला होता. अर्धांगवायूच्या झटक्यात त्यांचा उजवा हात गेला आणि वाचाही गेली. तेव्हापासून एक महिना थोरल्या मुलाकडे, एक महिना धाकट्याकडे, असं त्यांचं चालू होतं. चेनवाली त्यांना भरवायची, नखं कापायची, दुकानातल्या गमतीजमती सांगायची. ते भिंतीकडे बघत बसायचे. आणि तिकडे गेले, की आठवड्याच्या आत जावेचा फोन यायचा, की बाबा आज खुदकन हसले, आमच्या माशांपुढून हलायलाच तयार नाहीत.

"अरे वा, छान झालं," असं चेनवाली म्हणायची आणि फोन ठेवून भांडी जरा जास्तच जोरात आपटायची.

कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला, तेव्हा बाहेरच्या खोलीतली माशांची टाकी विकायला निघाली. चेनवालीने ती उचलली. जावेच्या टाकीपेक्षा ही हातभर लांब आहे, हे तिने आधी दोरीने मापून घेतलं होतं.

टाकी घरी आल्यावर कळलं, की तिच्या बुडाला भोक आहे. नवरा म्हणाला, फसवलं तुला. पण ते भोक मुद्दाम पाडलेलं होतं. त्यातून एक उभा पाइप वर यायचा. पाणी त्याच्या तोंडापर्यंत चढलं, की पाइपातून खालच्या खोक्यात पडायचं, तिथे स्पंजातून आणि खडीतून गाळलं जायचं आणि पंप ते दुसऱ्या नळीने पुन्हा वर चढवायचा. दवाखान्यातल्या बाईने एवढं समजावून पाइपांची पिशवी हातात दिली होती. जावेला विचारलं असतं तर तिने येऊन दोन गोष्टी सांगितल्या असत्या, पण चेनवालीने विचारलं नाही. जाऊ आली असती, तर मासेही तिचेच आणि शहाणपणही तिचंच झालं असतं.

काचेवरचा पांढरा थर तिने व्हिनेगरने घासून काढला, कडक झालेले वॉशर बदलले, खडी पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतली. पाणी भरलं, पंप सुरू केला. पाणी वर चढलं, खळखळत खाली आलं. बाबांची खुर्ची तिने समोर ओढली. बाबा बघत होते, पण हसले नाहीत.

तेवढ्यात नवऱ्याने मोबाइल चार्जिंगला लावायला पंपाचा प्लग काढला. पंप थांबला, पण पाणी थांबेना. वर चढवणाऱ्या नळीचं तोंड टाकीत खोल बुडालेलं होतं. त्याच वाटेने टाकीतलं पाणी उलटं खाली यायला लागलं. खोकं भरून वाहिलं आणि बघता बघता खोलीभर पाणी झालं. चेनवाली चादरी टाकत सुटली. रडू आवरत ती पाणी पुसत होती, तेव्हा मागून खुसखुस ऐकू आली.

बाबा हसत होते. मग डाव्या हाताने खुर्ची धरून ते उठले, टाकीजवळ आले आणि त्यांनी त्या नळीवर, आधी पाणी होतं त्या पातळीच्या जरा खाली, बोटाने टकटक केलं. तिला कळेना. त्यांनी तिच्या कामाच्या डब्यातली, चामड्याला भोकं पाडायची आरी उचलली आणि टोक तिथेच टेकवलं. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला: तिथे बारीक भोक पाडलं, तर पंप बंद झाल्यावर पाणी थोडंसं उतरेल, भोक उघडं पडेल, नळीत हवा शिरेल आणि उलटा ओघ तुटेल. आरी गॅसवर तापवून तिने भोक पाडलं. पुन्हा पाणी भरून पंप चालवला आणि बंद करून पाहिला. पाणी दोन बोटं उतरलं आणि थांबलं. बाबांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

त्या दिवशी तिने स्वतःहून जावेला फोन केला.

टाकीत मासे आले. आठवडाभर सगळं सुरळीत चाललं आणि बाबा पुन्हा भिंतीकडे बघायला लागले. माशांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. चेनवालीने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी, कुणी नाही असं बघून, पंपाजवळचा एक नट हळूच सैल केला. थेंब पडू लागले. बाबा ताठ बसले. अर्धा दिवस ते त्या सांध्याशी खटपट करत होते, टेप गुंडाळत, तिला खुणेने रागावत. मग दर दोन-तीन दिवसांनी काही ना काही गळायला लागलं.

महिना संपला तशी जाऊ त्यांना न्यायला आली. बाबा पाटावर बसून नट आवळत होते. खुणेनेच म्हणाले, थांब. जावेने वाकून सांधा पाहिला, मग चेनवालीच्या हाताला लागलेला नटाचा काळा डाग पाहिला. चेनवालीने हात पदराआड घेतला.

जाऊ तिच्याजवळ सरकली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "माझ्याकडे मी टाकी धुवायला काढली, की तेव्हाच हसतात. मला वाटायचं, मासे बघून." मग तिने विचारलं, "कुठला सैल करायचा, ते मलाही दाखवशील?"

चेनवालीच्या मनात आलं, चुकीचाच दाखवावा. पण बाबा जिना उतरायला उभे राहिले होते. तिने बरोबर नट दाखवला, किती फिरवायचा तेही सांगितलं.

पुढचा महिनाभर ती रोज संध्याकाळी जावेला फोन करायची. बाबांची तब्येत विचारायची, जेवणखाण विचारायची आणि मग, सहज आठवल्यासारखं, आज काही गळलं का, ते विचारायची. गळलं म्हटलं की गप्प व्हायची.