छातीभर पाण्याचं माप

मॉडेल बनवायला दुकानातलं सामान लागतं असं म्हणतात. मला लागली सायकलची एक तार, सलाईनची नळी, बिनसुईची सिरिंज आणि बाबांची जाळं विणायची बांबूची पट्टी. तार चुलीत तापवून फिरवली की थर्माकोल सरळ कापला जातो, भुगा उडत नाही. सिरिंजने गोंद नेमका फटीत जातो. बाभळीचे काटे टाचण्यांपेक्षा बरे, गोंद सुकल्यावर मोडून टाकले तरी चालतात. आणि ज्या पट्टीवर जाळ्याचे गाळे एकसारखे पडतात, ती थराला लावून पाहिली की जाडी कुठे कमीजास्त झाली ते लगेच कळतं. हे मला कुणी शिकवलं नाही. वडशाच्या कॉलेजात बी.एस्सी. झालो, आमच्या घरातला पहिला, पण तिथेही यातलं काही नव्हतं.

मॉडेल होतं आमच्या तलावाचं. कुरखेड्याकडच्या आमच्या गावात तलावाची पाळ दुरुस्त व्हायची होती आणि पाणी सोडायचं दार नव्याने बसायचं होतं, आधीपेक्षा खाली. धानाला जास्त पाणी मिळेल म्हणून शेतकरी खूष होते. आम्ही मासे मारणारे मात्र खूष नव्हतो. तलावाच्या मधोमध एक डोह आहे, उन्हाळ्यात मोठे मासे तिथेच तग धरतात. तो रिकामा झाला तर पुढच्या वर्षी जाळं टाकायचं कशासाठी? ग्रामपंचायतीत मी हे बोललो. इंजिनिअर साहेब शांतपणे म्हणाले, नकाशाप्रमाणे डोहात पाणी उरतं. मी सगळ्यांसमोर बोलून गेलो की उरत नाही, गुरुवारी दाखवतो.

तेव्हापासून मला धड जेवण जाईना. कापायला बसलो की उठावंसं वाटे, उठलो की परत बसावंसं. लांबीच्याच मापाने खोली घेतली तर तलाव ताटासारखा उथळ दिसतो, म्हणून खोली दहापट वाढवून घेतली. पाळीची आणि दाराची मापं साहेबांच्या नकाशातून आली. तळाची मापं मी आमच्या म्हाताऱ्यांना विचारली. घाटाच्या खालच्या दगडाला पाणी लागलं की कुठे किती, ते सगळ्यांना पाठ. इथी घोटाभर, तिथी कंबरभर, डोहात छातीभर. मी काठावर उभं राहून वहीत उतरवलं. कॉलेजात गेल्यापासून मी तलावात उतरलो नव्हतो, आणि उतरायची गरजही वाटली नाही. घरी येऊन अंगाला टेप लावला. घोटा इतका, कंबर इतकी, छाती इतकी.

बुधवारी सकाळी मॉडेलात दगडापर्यंत पाणी ओतलं आणि दार म्हणून लावलेली नळी उघडली. पाणी उतरत गेलं आणि थांबलं. डोहात पाणी उरलं होतं, एक सेंटीमीटर. खरोखरीच्या तलावात वीतभर. तीनदा ओतलं, तीनदा उरलं. साहेब खरे ठरत होते, आणि ते मीच सिद्ध करून देत होतो.

लाकडाचा भुसा आणि गोंद कालवून ठेवलेला होताच. डोहाच्या तळाला एक सेंटीमीटर थापला असता तर कुणाला कळणार होतं? मी मूठभर उचललाही. बाबा दारात जाळं सांधत बसले होते.

"काय करून राह्यला?"

खोटं सुचलं नाही. काय झालं ते सांगितलं. ते उठून आले, मॉडेलाभोवती एक फेरी मारली.

"छातीभर म्हंजे कोनाची छाती घेतली?"

"माझी."

"तुया छातीनं कोन मासे मारते बे? तू कधी उतरला? ते आमच्या छातीचं माप हाय."

बाबा माझ्या खांद्याला लागतात. बाकीचे म्हातारेही तेवढेच. मी टेप आणून जमिनीपासून त्यांच्या छातीपर्यंत मोजलं. माझ्यापेक्षा वीतभर खाली. नुसता डोहच नाही, सगळा तळ मी खोल करून ठेवला होता.

मग धावपळ. भुसा जाड लावला की तडकतो, म्हणून पातळ थर, घरावरच्या टिनावर उन्हात वाळवायचा, परत थर. शेवटी पाणी मुरू नये म्हणून मेणबत्ती घासायची. दर पाच मिनिटांनी मी टिनावर चढून पाहत होतो. आई म्हणाली, पाहिल्यानं वाळते का ते? तरी चढत होतो.

गुरुवारी ग्रामपंचायतीत पाणी ओतलं, नळी उघडली. डोह कोरडा पडला. साहेबांनी वाकून तळावर नख दाबलं. खूण उमटली.

"हे कालचं काम आहे."

"हो. आधी माझं चुकलं होतं. तेव्हा पाणी उरत होतं."

मागून एक शेतकरी म्हणाला, "घ्या, डिगरीवाला नापास." लोक हसले. माझे कान तापले, पण मी साहेबांना छातीची सगळी गोष्ट सांगितली, माझ्या आणि बाबांच्या. ते हसले नाहीत. म्हणाले, तलाव इथेच आहे ना, चला.

पाणी त्या दिवशी घाटाच्या त्याच खालच्या दगडाला टेकलेलं होतं. बाबा सदरा काढून उतरले आणि डोहात जाऊन उभे राहिले. पाणी बरोबर छातीवर. साहेब डोंग्यात बसून मोजपट्टी घेऊन गेले, बाबांच्या चारी बाजूंनी ती तळाला टेकवली आणि दरवेळी आकडा पुटपुटले. काठावर मला ऐकू येत नव्हतं. मी चपला हातात घेऊन पाण्यात शिरलो, गुडघ्यापर्यंत, तरी ऐकू आलं नाही.

परत आल्यावर त्यांनी मोटारसायकलच्या सीटवर नकाशा पसरला, दाराचा आकडा खोडला, वर नवा लिहिला आणि सही केली. दार हातभर वर गेलं होतं. बाबा निथळत येऊन माझ्यामागे उभे राहिले.

"काय लिवलं?"

मी वाचलं.

"अखीन एकडाव वाच."

मी पुन्हा वाचलं, आकडा आणि सहीसुद्धा. बाबांनी कोणता आकडा ते विचारलं आणि त्यावर बोट ठेवलं. कागद ओला झाला. साहेबांनी तो घडी न करता तसाच उन्हात धरून ठेवला.