प्लॉट नंबर सातचं तळं

छातीवर हात ठेवून, पूर्ण जबाबदारीने सांगतो — मी आयुष्यात एकही खोटं वाक्य लिहिलेलं नाही.

व्यवसायाने मी घरांच्या जाहिराती लिहितो.

ज्यांना यात विसंगती दिसते त्यांनी एखादी जाहिरात नीट वाचावी. 'स्टेशनपासून दहा मिनिटं' हे खोटं नसतं. कशाने दहा मिनिटं, ते लिहिलेलं नसतं एवढंच. वॉलॉंगॉंगमधलं आमचं घर घेताना जाहिरातीत 'सागरी परिसराचं दर्शन' होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पोर्ट केम्बलाच्या स्टील कारखान्याची धुराडी दिसतात. धुराडी किनाऱ्यावर आहेत. तक्रारीला जागा नाही.

आता मुद्द्याकडे येतो. या सदरात लिहिणारे बहुतेक जण 'माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता' म्हणून सुरुवात करतात आणि शेवटी लोटांगण घालतात. माझा विश्वास नव्हता, आजही नाही, आणि मी लोटांगण घालणार नाही. भूत पाहिलेल्यांपैकी एकालाही ते भरदुपारी, चष्मा लावून, साक्षीदारासह का दिसत नाही, हा माझा वर्षानुवर्षांचा आवडता प्रश्न होता. मला जे दिसलं ते भरदुपारी दिसलं, चष्मा लावलेला होता, आणि साक्षीदार शेजारी उभी होती. त्यामुळे तो प्रश्न मला आता वापरता येत नाही. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त राग त्याचा आहे.

दोन हजार एकवीसचा हिवाळा... म्हणजे इथला, दक्षिण गोलार्धातला, जुलै-ऑगस्टचा. लॉकडाउन. मी ज्या प्रवासाच्या मासिकात होतो ते बंद पडलं होतं, कारण प्रवासच बंद पडला होता. बायको, विनिता, हॉस्पिटलमध्ये नर्स. ती लागोपाठ शिफ्ट करत होती आणि मी घरी ब्रेड भाजत होतो. ब्रेड चांगला होत नव्हता. तेवढ्यात ब्रॅड भेटला — म्हणजे स्क्रीनवर.

ब्रॅडची छोटी कंपनी इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर, डोंगरउतारावरच्या एका खेड्यात बारा प्लॉट विकत होती. गावाचं नाव सांगत नाही, गावाचा काही दोष नाही. त्या दिवसांत आम्हाला घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी होती, आणि तीच माणसं समुद्रापलीकडे घर घ्यायला निघाली होती. परदेशी माणसाला तिथे जमिनीची मालकी मिळत नाही, ठरावीक वर्षांचा पट्टा मिळतो. जाहिरातीचं शीर्षक होतं 'कायमचं घर'. शीर्षक ब्रॅडचं, माझं नाही.

माझं काम होतं 'गावाची ओळख' — दोन पानं. हवामान, माणसं, बाजार, चर्च, विमानतळ किती लांब. माहितीसाठी गावातल्या शिक्षिकेचा नंबर दिला होता, इबू मारिया. इबू म्हणजे आपण शाळेत 'बाई' म्हणतो तसंच. आणि फोटोंचं एक फोल्डर.

फोटो उघडले आणि मी एकेक मोठा करून पाहायला लागलो. तिठ्यावर चुना लावलेला क्रूस. मागे नारळ, खाली केळी. अंगणात डुक्कर, ओट्यावर वाळत घातलेली मासळी. मी वसईचा, ख्रिस्ती. मला कोणी 'हा तुझ्याच गावाचा फोटो' म्हणून दिला असता तर मी फक्त डुक्कर कोणाचं एवढंच विचारलं असतं.

शेवटच्या फोटोत तळं होतं. लहानसं, हिरवट पाण्याचं. दगडी पायऱ्या सात, तिसरी मधोमध तुटलेली. सगळ्यांत खालच्या पायरीवर एक बाई भांडी घासत होती, डाव्या हाताने. तोंडाला लाल-पांढऱ्या चौकड्यांचा मास्क.

दुपारचे दोन वाजले होते. विनिता सकाळची शिफ्ट लवकर आटोपून आली होती. तिने चहाचा कप हातात घेऊन माझ्या खांद्यावरून पाहिलं.

"बघ, बघ जरा. एकटी बसून भांडी घासतेय तरी मास्क लावलाय बाईने. नाहीतर तू. सुपरमार्केटच्या दारातच खाली ओढतोस."

"चष्म्यावर वाफ येते."

"येऊ दे." मग ती आणखी वाकली. "पण नाक बघ हिचं. उघडंच. आमच्या वॉर्डात अशी आली असती ना, तर दारातून परत पाठवली असती मी."

मी लिहिलं: 'प्लॉट नंबर सातच्या मागे एक लहानसं तळं आहे, सात पायऱ्या उतरून गावच्या बायका तिथे भांडी घासायला येतात, आणि त्यांच्या गप्पा पाण्यावरून घरापर्यंत ऐकू येतात.' गप्पा माझ्या पदरच्या. बाकी सगळं फोटोत होतं.

दुसऱ्या दिवशी ब्रॅडचा फोन. "मेट, सुंदर लिहिलंयस. पण हे तळं कुठून आणलंस?"

"फोटोत आहे."

"कुठल्या?"

मी फोल्डर उघडलं. तेरा फोटो. तळं नाही. पुन्हा मोजले, पुन्हा तेरा. आधी मला वाटलं यानेच काढला असणार. पण फोल्डरची हिस्ट्री पाहिली — तेरा आले, तेरा आहेत, एकही डिलीट नाही. सॅटेलाइटच्या नकाशावर प्लॉट सातच्या मागे नुसतं गवत.

"नो वरीज," ब्रॅड म्हणाला. "ते वाक्य काढ, 'सपाट आणि कोरडी जमीन' असं टाक. प्लॉट सातसाठी शर्ली आणि टेरी जवळजवळ तयार आहेत. रिटायर्ड जोडपं आहे, राहतं घर विकून घेतायत."

मी 'बरं' म्हणालो. का म्हणालो, तेही सांगतो.

आमच्या वाडीत बावखल होतं. वसईबाहेरच्यांसाठी — बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि वर्षभर केळी जगवतं. मी नोकरीला लागलो त्याच वर्षी काकांनी ते बिल्डरला दिलं. त्याने ते भरलं, वर चार मजले चढवले, आणि ब्रोशर लिहायला घरचाच मुलगा मिळाला. माझी पहिली जाहिरात. 'पाण्याच्या सान्निध्यात.' पप्पांनी ते ब्रोशर दोनदा वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "पाणी कुठं जाणार, ते नाही लिहिलंस?"

त्याचं उत्तर पुढे दर पावसाळ्यात तळमजल्यावरच्या लोकांना मिळत गेलं.

म्हणजे स्पष्टीकरण तयारच होतं. अपराधी माणूस, घरात कोंडलेला, गावासारखं गाव पाहतो आणि त्यात स्वतःचं बुजवलेलं तळं घालतो. मला पटलं. मी वाक्य काढायला बसलो.

"आणि मला का दिसलं?" विनिताने विचारलं. ती ठाण्याची, चौथ्या मजल्यावर वाढलेली. तिने बावखल पाहिलं ते लग्नानंतर, तेही बुजवलेलं. "दिवसभर मी लोकांची नाकं बघते. त्या बाईचं नाक मी पाहिलंय. तुझ्या अपराधी मनात माझं नाक खुपसू नकोस."

म्हणून मी इबू मारियांना व्हिडिओ कॉल केला. त्यांची शाळा बंद होती. त्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. इंग्रजी शिकवायच्या, त्यामुळे माझ्यापेक्षा बरं बोलत होत्या.

"बाई, प्लॉट सातच्या मागे तळं आहे का?"

"नाही."

"कधी होतं?"

मागे कोंबडा आरवला. बाईंनी मागे वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"होतं का?"

"रस्ता रुंद केला तेव्हा निघालेली माती त्यात टाकली. त्या वर्षी माझ्या धाकट्याचं चर्चमध्ये पहिलं कम्युनियन होतं, आठ वर्षांचा होता. आता त्याला दाढी आहे."

"पायऱ्या किती होत्या?"

"तुम्ही सांगा." शिक्षिका त्या शिक्षिकाच.

"सात. तिसरी तुटलेली."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मी उरलेलं सांगून टाकलं — भांडी घासणारी बाई, डावा हात, मास्क. त्या हसल्या. "अहो, तळं होतं तेव्हा मास्क कोणाकडे होते?"

"तेच मला कळत नाहीये. लाल-पांढऱ्या चौकड्यांचा होता."

हसणं थांबलं. त्या उठल्या, खिळ्याला अडकवलेलं काहीतरी काढलं — डाव्या हाताने — आणि तोंडाला लावून पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसल्या. लाल-पांढऱ्या चौकड्या.

"शाळेतल्या टेबलक्लॉथचा मी शिवलाय," त्या म्हणाल्या. "गावात असा एकच आहे."

विनिता माझ्यामागे टोस्ट खात उभी होती. ती खायची थांबली.

"हीच," ती म्हणाली. "अरे, हीच ती... आणि बघ ना, नाक अजून उघडंच!"

इबू मारियांनी विचारलं, त्या काय म्हणतायत? मी सांगितलं, आणि ती नर्स आहे हेही. त्यांनी निमूटपणे मास्क वर ओढला. "सॉरी, सिस्टर."

आतापर्यंत मी भुताच्या जेवढ्या गोष्टी ऐकल्या त्यात मेलेली बाई जिवंत तळ्याकाठी दिसते. इथे बाई जिवंत होती, दोन तासांच्या वेळेच्या फरकाने माझ्याशी बोलत होती. मेलेलं तळं होतं.

शेवटी मी पप्पांचा प्रश्न विचारला. तळं भरल्यावर पाणी कुठं गेलं?

"कुठे जाणार?" त्या म्हणाल्या. "तिथेच आहे. खाली. पावसात शेळी गेली तर गुडघ्यापर्यंत रुतते. ब्रॅडला सांगितलंय मी. तो म्हणाला, नो वरीज."

रविवारी आर्वोला — दुपारनंतरच्या वेळेला इथे तसंच म्हणतात — ऑनलाइन उद्घाटन होतं. तीसेक चौकोन. ब्रॅडच्या मागे खोटं माडाचं झाड, वाऱ्यावर हलणारं. त्याने मला 'आमचे लेखक' म्हणून हजर केलं होतं. लेखकाने हसायचं, एवढीच अपेक्षा होती.

प्रश्न सुरू झाले आणि शर्लीने हात वर केला. पांढऱ्या केसांची, बाजूला टेरी, तोंड अर्धं चौकोनाबाहेर. "मला लेखकाला विचारायचंय. टेरीचे गुडघे गेलेत, लव्ह. घर विकून हेच घेतोय आम्ही, दुसरं काही नाही. आणि सीमा बंद, जाऊन बघताही येत नाही. जमीन कोरडी आहे ना?"

"शंभर टक्के," ब्रॅड म्हणाला.

विनिता दारात उभी होती. या कामानंतर दुसरं काम नव्हतं, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, फ्रिजलासुद्धा माहीत होतं. मी माइक चालू केला.

"शर्ली, तिथे तळं आहे."

"अं... पूर्वी कदाचित —" ब्रॅड.

"आहे. मी पाहिलंय. माझ्या बायकोने पाहिलंय."

"तिथे जाऊन?" शर्ली.

"फोटोत."

"मग दाखवा ना."

"तो फोटो नाहीये."

दोन-तीन चौकोन हसले. टेरीसुद्धा. 'वर माती टाकलेलं जुनं तळं, गावच्या बाईंना विचारा' असं शहाण्यासारखं सांगितलं असतं तर कदाचित निभावलं असतं. ते सांगायला तोंड उघडलं तोवर ब्रॅडने माझा आवाज बंद केला. मग मी ब्रोशर उलटं केलं, मार्करने मोठ्या अक्षरांत 'तळं' लिहिलं, इंग्रजीत, खाली इबू मारियांचा नंबर, आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. धरून ठेवलं. शर्ली चष्मा लावून काहीतरी लिहून घेताना दिसली. मग माझा चौकोनच गेला.

"काम गेलं?" विनिताने विचारलं.

"गेलं."

"छान. चहा टाक."

त्यानंतर मला बरीच स्पष्टीकरणं मिळाली. क्रेगीबर्न उपनगरातल्या एका मित्राने फोनवर पूर्वजन्म काढला. पूर्वजन्मी फ्लोरेसमध्ये होतो तर या जन्मी शेती करत असतो, मी म्हणालो. आमच्या चर्चच्या पॅरिशमधल्या एका काकूंनी मिस्सा, म्हणजे मृतात्म्यासाठी चर्चमधली प्रार्थना, सांगायला सुचवली. कोणासाठी, विचारलं. तळ्यासाठी मिस्सा होत नाही. उलट बाजूने, माझ्या आयटीवाल्या मेव्हण्याने दोन दिवस खपून ते फोल्डर तपासलं आणि चौदावा फोटो कधीच नव्हता असं छातीठोक सांगितलं. मग आम्हा दोघांना काय दिसलं, यावर 'स्ट्रेस' म्हणाला. स्ट्रेसला टेबलक्लॉथच्या चौकड्या माहीत नसतात. इबू मारियांशी त्याआधी मी फक्त एकदा बोललो होतो, साध्या फोनवर, चेहरा न दिसता, बाजाराचा वार विचारायला.

तर स्पष्टीकरण नाही. माझ्याकडे नाही, आणि तुमच्याकडे असेल तर त्यात 'ऊर्जा' हा शब्द नसेल तरच कळवा. मी इतकंच म्हणतो: दिसलं. नाही दिसलं, असं मी म्हणणार नाही — ब्रॅडसाठी नाही, मेव्हण्यासाठी नाही, आणि माझ्या स्वतःच्या जुन्या प्रश्नासाठीही नाही.

शर्लीने त्याच संध्याकाळी इबू मारियांना फोन केला होता. प्लॉट घेतला नाही. सीमा उघडल्यावर तिने मेसेज केला की त्यांनी कॅरॅव्हॅन घेतली आहे आणि तिच्या दोन पायऱ्यांवरून टेरी रोज शिव्या घालतो.

तिकडच्या पुढच्या पावसाळ्यात इबू मारियांनी फोटो पाठवला. प्लॉट सातवर पाणी वर आलेलं, मातकट, त्यात दोन बदकं. पायऱ्या नाहीत, त्या मातीखाली आहेत. म्हणजे हा तो फोटो नव्हे. हा फोनमध्ये अजून आहे, मी अधूनमधून तपासतो.

ब्रॅडच्या कंपनीची वेबसाइट परवा पाहिली. प्लॉट नंबर सात 'वॉटर व्ह्यू' म्हणून पुन्हा विक्रीला आहे. खाली तळ्याचं वाक्य आहे, माझंच, स्वल्पविरामांसकट.