मामांनी स्वतःला दिलेले दोन गुण

आमच्या घरी पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. कामगारांच्या मोर्चात उरलेली पत्रकं वडील घरी आणायचे. त्यांच्या छापील बाजूवर मी वाचायला शिकले, कोऱ्या बाजूवर गणितं केली. त्यामुळे जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत लागल्यावर साहेबांनी अप्रेझलची नवी पद्धत बनवायला सांगितली, तेव्हा मला ती लढाईच वाटली. तोवर गुण साहेबांच्या मर्जीनं पडायचे. मी ठरवलं, कामगारानंच स्वतःला गुण द्यायचे. साहेबांना ते कमी करता येतील, तेही कारण लिहून; पण वशिला नको म्हणून वाढवता येणार नाहीत. फॉर्म ज्याचा त्यानंच भरायचा. निकाल पटला नाही तर आठवड्यात लेखी हरकत, तीही ज्याची त्यानंच लिहायची.

कंपनीचे वकील म्हणाले, "कोर्टात टिकेल." मी खूश. कोणाच्या बाजूनं टिकेल, हे विचारायचं सुचलंच नाही.

ग्रेडिंग मशीनच्या पाळीचे इनचार्ज, भोकरदनहून बसनं येणारे. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांच्या पाळीतला माल कधी परत आलेला मी पाहिला नाही. त्यांनी स्वतःला पाचपैकी दोन दिले.

"तीनच्या खाली इनचार्ज ठेवता येत नाही," साहेब म्हणाले.

"सर, पण त्यांचं काम..."

"त्यानंच लिहिलंय, सहीसकट. यालाच सूट दिली तर दुसरा कोर्टात जाईल. नियम तुझाच आहे."

बरोबर होतं. बरोबर असूनही असं कसं झालं, तेच कळेना.

हरकतीच्या शेवटच्या दिवशी मामांना चहाच्या टपरीवर गाठलं. शेजारी पॅकिंगवाला होता, सगळ्या रकान्यांत पाच भरलेला. "ताई, सहाला जागाच न्हाई ठेवली तुमी!"

मामा हसले नाहीत. "स्वतःच्या तोंडानं स्वतःची काय तारीफ करायची? देणारानं द्यावं."

"मग हरकत लिहा, मामा. आजच."

"काय लिहू? त्या दिवशी कच्चा होतो, आज पक्का झालो?" कप खाली ठेवून ते हळूच म्हणाले, "इनचार्जपद जातंय, हे घरी अजून सांगितलं न्हाई. तूच लिही बाई, मी सही करतो."

दुसऱ्यानं लिहायचं नाही, हा माझाच नियम. साहेबांनी कुणाचा फॉर्म भरला असता तर मी पत्रक छापलं असतं. पण न लिहिणं म्हणजे तत्त्व राखणं, की मामांना घालवणं?

मी लिहिलं. प्रत्येक ओळीला विचारत होते, "खरंय ना?" ते रस्त्याकडं बघत म्हणायचे, "तू म्हनतीस तर असंल."

हरकत त्याच संध्याकाळी मंजूर झाली. मामा इनचार्ज राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅकिंगच्या दोन बाया टेबलापाशी उभ्या. "मामाचं लिवलं तसं आमचंबी लिही की. आमी तर एकच दिल्ता."

मुदत कालच संपली होती. मी त्यांना बसायला खुर्च्या दिल्या. मग माझीच नियमावली पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.