एबिसूच्या मागची फळी

सकाळी नऊला दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्राची गाडी इसाओला घेऊन गेली आणि कियोए तिथंच उंबऱ्यावर टेकली. चार वाजेपर्यंत घर रिकामं. कामं पुष्कळ होती, पण उठवेना.

इसाओ तिचा मुलगा, शेहेचाळीस वर्षांचा. जन्मापासून पायात बळ नाही की तोंडात शब्द नाही. नवरा माकूळ पकडणाऱ्या होडीवर होता, त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून इसाओला उचलणं, कुशीवर वळवणं, न्हाऊ घालणं, मिसोचं सार चमच्यानं भरवणं, सगळं तिनं एकटीनं केलं. गेल्या हिवाळ्यात तिची कंबर धरली ती सुटलीच नाही. आता ती बाहत्तरीत होती.

मात्सुएच्या एका संस्थेत इसाओला कायमचं ठेवून घेण्यासारखी जागा रिकामी झाली होती. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. आधी दोनदा तिनं नाही म्हटलं होतं. तेवढ्यात नणंदेचा, मित्सुएचा फोन आलाच.

"वहिनी, या खेपेला नाही म्हणालीस तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"दर खेपेला हेच म्हणतेस आणि दुसऱ्या दिवशी फोन करतेस."

"करणारच. तू पडलीस तर त्याला कोण उचलेल? आणि तुला?"

कियोएनं फोन ठेवला, चपला घातल्या आणि बंदरामागच्या टेकडीवर कोळ्यांच्या देवाच्या, एबिसूच्या देवळाकडे निघाली.

त्र्याऐंशी पायऱ्या. ती तीनदा बसली. लाल रंग उडालेल्या तोरीखाली, देवळाच्या लाकडी कमानीखाली, वाकून नमस्कार केला, दगडी कुंडातल्या पाण्यानं हात धुतले, चूळ भरली. पाणी दातांना झोंबलं. आवारात चिटपाखरू नव्हतं. जुन्या पंचांगाचा दहावा महिना, सगळे देव तिकडे इझुमोला सभेला जमलेले. एबिसू तेवढा घरी. त्याला ऐकू येत नाही, बोलावणं कळलंच नसेल, असं कोळी म्हणत.

पुजारी नेगोरो पानं झाडत होते. टपाल कचेरीतून निवृत्त झालेले, आता गुडघ्याला पट्टा बांधून देऊळ सांभाळणारे.

"बसा, कियोएबाई. मलाही निमित्तच हवं होतं थांबायला."

दोघं पायरीवर बसली. खाली समुद्र राखाडी होता. ती म्हणाली, "गुरुजी, त्या मुलाची गोष्ट पुन्हा सांगा. होडीतल्या."

नेगोरोंनी तिच्याकडे पाहिलं. गोष्ट तिला पाठ होती, हे त्यांना ठाऊक होतं. तरी सांगितली. इझानागी आणि इझानामी, पहिलं जोडपं. खांबाला फेरी घालून समोरासमोर आले, तेव्हा आधी ती बोलली; बाईनं आधी बोलायचं नव्हतं. मग मूल झालं ते हिरुको, जळवेसारखं, हाडं नसलेलं. वेताची होडी करून त्यात ठेवलं आणि पाण्यात सोडून दिलं. आपल्या लेकरांत त्याला मोजलंही नाही. ते मूल वाहत वाहत किनाऱ्याला लागलं, माणसांनी उचललं, तोच हा एबिसू.

"म्हणजे दोष बाईचाच," कियोए म्हणाली.

"लिहिणारे पुरुष होते."

ती किंचित हसली. "इसाओ झाला तेव्हा सासू म्हणाली, आपल्या घरी एबिसू आला. चांगल्या मनानं म्हणाली. मला मात्र वाटलं, ही मला लेकराला होडीत सोडणारी म्हणतेय. तेव्हाच ठरवलं, मी सोडणार नाही. त्या इझानामीला इतकी वर्षं मी शिव्या घातल्या. ती मागं वळून बघत होती का हो?"

"पोथीत नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मी नुसता पुजारी आहे, बाई. पण इथं जे येतात ते त्याला पाण्यातून काढणाऱ्या माणसांच्या गावचे आहेत, एवढं मला दिसतं. ती काढणारी माणसं कोण होती, तेही पोथीत नाही."

नेगोरो उठून पुन्हा झाडायला लागले. कियोए देवळाच्या मागं गेली. देव बहिरा, म्हणून तिथं एक फळी ठोकलेली होती. ती वाजवायची आणि मग मागणं मागायचं. लाकूड हातांनी गुळगुळीत झालं होतं. तिनं मुठीनं तीनदा ठोकलं. आजवर ती इथं इसाओसाठी मागत आली होती, ताप उतरू दे, फिट येऊ देऊ नको. आज तिला मागणं सुचेना.

"मी दमले," ती म्हणाली. ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा ठोकलं आणि मोठ्यानं म्हणाली, "फार दमले."

त्याच दुपारी तिनं संस्थेला होकार कळवला. मित्सुए फोनवर रडली. कियोए रडली नाही, तिनं इसाओची नखं कापली.

डिसेंबरात तो संस्थेत राहायला गेला. पहिल्या रविवारी दोन बसगाड्या बदलून ती भेटायला पोचली, तेव्हा एक तरुण बाई त्याला भात भरवत होती आणि तो तिच्याकडे पाहून हसत होता. अगदी तसंच, जसं आईकडे पाहून हसायचा. कियोएला ते लागलं. दारातच ती जरा वेळ उभी राहिली. मग आत जाऊन त्याची हनुवटी पुसली. त्यानं तिचं बोट धरलं आणि घास चावत राहिला.

परतीच्या बसमध्ये तिला झोप लागली. गावचा थांबा मागं गेला तरी जाग आली नाही. शेवटच्या थांब्यावर चालकानं हलकेच खांदा हलवला.

"आजी, गाडी इथंच संपते. चुकलात का?"

"हो," ती म्हणाली. "परत जाणारी कधी आहे?"

"चाळीस मिनिटांनी. तोवर बसा आतच, हीटर चालू ठेवतो."

तिनं मान हलवली, पिशवी मांडीवर घेतली आणि पुन्हा डोळे मिटले.