टिक्या निवडणारी मुलगी

लग्न होऊन मी खानदेशातून सुरतेला आले आणि दोन वर्षांनी पांडेसऱ्यातल्या एका बालवाडीत शिकवायला लागले. तिथे बाईंना बेन म्हणतात, तशी मी सगळ्यांची बेन झाले. एकच खोली, पंचवीस-तीस पोरं, बहुतेकांचे वडील कापड रंगवायच्या मिलमध्ये. कुणाच्या घरी अहिराणी, कुणाच्या घरी हिंदी, कुणाच्या ओडिया. मी चौकोन म्हटलं की गुजराती पोरं चोरस म्हणायची आणि आमची खानदेशी पोरं दोन्ही म्हणायची. म्हणून मी बिनबोलण्याचा एक खेळ काढला. फरशीवर खडूने मोठाले आकार काढायचे. मी फळ्याजवळ उभी राहून एक आकार काढलेलं पुठ्ठ्याचं कार्ड वर धरायची, आणि पोरांनी पळत जाऊन तसल्या आकारात उभं राहायचं.

पुढे बऱ्याच वर्षांनी वर्गात चार वर्षांची एक मुलगी होती. कार्ड वर गेलं की सगळी पळायची, ही जागच्या जागी उभी. बाकीचे कुठे गेले ते बघायची आणि मग सावकाश त्यांच्यामागे जायची. रोज हेच. आधी मी गोडीगुलाबीने सांगून पाहिलं, मग एक दिवस चिडले.

"रोज दाखवते, तरी कळत नाही का गं?"

ती फ्रॉकची झालर पिळत राहिली. संध्याकाळी वहीत तिच्यापुढे मी लिहिलं, 'समज कमी.'

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती मुठीत काहीतरी घेऊन आली. तिची आई घरी बसून साड्यांवर टिक्या चिकटवायची, त्यातल्या उरलेल्या. मधल्या सुट्टीत ती भिंतीशी बसली, टिक्या मांडीवर ओतल्या आणि निवडायला लागली. गोल एकीकडे, चौकोनी एकीकडे, त्रिकोणी तिसरीकडे. मसुराच्या डाळीएवढ्या त्या टिक्या. मान पार खाली, नाक जवळजवळ मांडीला टेकलेलं, आणि बोटं भराभर चाललेली.

मी तिच्याशेजारी बसले. "ही कोणती गं?"

"चौकोन."

"आणि ही?"

"तिरकोन." आवाजात जराही शंका नव्हती. मलाच कसंतरी झालं. जिला एवढीशी टिकी ओळखता येते, तिला माझं ताटाएवढं कार्ड का ओळखता येत नाही?

पोरं घरी गेल्यावर मी तिला थांबवून घेतलं. ती दाराशी, मी फळ्याशी. कार्ड धरलं.

"हे काय आहे?"

गप्प.

"एक फरशी पुढे ये. आता?"

तरी गप्प. आणखी एक फरशी, आणखी एक. माझ्यापासून तीन फरश्यांवर आली, डोळे बारीक केले आणि एकदम हसली. "तिरकोन!"

मी तिला जवळ ओढलं. वहीतले ते दोन शब्द खोडले, पण खोडून काय होतं?

आई न्यायला आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिला ते पटेना. "तिले समदं दिसस, बेन. सुईमा दोरा टाकी देस ती."

"जवळचं दिसतं गं. लांबचं दिसत नाही."

ती खालच्या आवाजात म्हणाली, "पोरनी जात. इतली धाकली, अन् चष्मा?"

मी वाद घातला नाही. तिच्यादेखत लेकीला दाराशी उभं करून तो खेळ पुन्हा केला. एकेका फरशीवर लेक पुढे येत होती आणि आईचा हात तोंडाकडे जात होता. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी सरकारी दवाखान्यात गेलो.

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "एबीसीडी आवडे छे?" म्हणजे येते का. आम्ही नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी चित्रांचा दुसरा तक्ता लावला. गोल, चौकोन, सफरचंद, घर. जाड भिंगं चढत गेली तशी ती घडाघडा सांगत गेली, कुणाकडे न बघता. बाई म्हणाल्या, "शाबाश!" तिची आई पदराने डोळे पुसत होती.

आठवड्याने चष्मा आला, लाल फ्रेमचा. मागे रबर लावून आईने तो तिच्या नाकावर बसवला. मी बालवाडीच्या दाराशी उभी होते. ती अर्ध्या वाटेवरच थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग ओरडली, "बेन, तुमचे केस पांढरे आहेत!"

आई ओशाळली. "असं बोलतस का बेनले?"

"आहेत तर," मी म्हणाले, "खूप आहेत."

"आणि तुम्ही हसताय!" ती म्हणाली, आणि धावत आली.